मोठे स्पीकर घरी येताना : उतरवण्यापासून वाजवण्यापर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या स्पीकरांसाठी आहे. टॉवर (उंच खांबासारखे), हॉर्न (भोंग्याचे), पॅनल (पातळ, सपाट), काहीही असो. शेल्फवर बसणाऱ्या छोट्या जोडीला यातलं निम्मं लागूच पडत नाही. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नुकसान नेमकं तिथंच होतं.

ऑर्डर देऊन झाली. माल यायच्या आधी काय बघून ठेवू?

टेप घ्या आणि मापं काढा. स्पीकरची नाही, खोक्याची. वेबसाइटवर स्पीकरची उंची-रुंदी दिलेली असते, पण दारातून आधी खोका आत यायचा असतो आणि तो चारी बाजूंनी सहज दहा-पंधरा सेंटिमीटरने मोठा असतो. विक्रेत्याकडून खोक्याची मापं आणि पॅकिंगसकट वजन लेखी मागवून घ्या.

मग रस्ता मोजा. दाराची चौकट नव्हे, दार पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा. लिफ्टचं दार आणि आतली खोली. जिना असेल तर वळणावरची जागा, कारण अडतं ते वळणावरच. सरळ पायऱ्यांवर सव्वा मीटरचा खोका निवांत चढतो, वळताना मात्र कठड्याला टेकतो आणि दोन माणसं तिथं वजन पेलत उभी राहतात.

आणखी एक गोष्ट आधीच विचारा: डिलिव्हरी नेमकी कुठपर्यंत? ‘घरपोच’ या शब्दात बऱ्याचदा फक्त इमारतीचा दरवाजा येतो. वर नेणं, उघडणं, जागेवर ठेवणं यांचे पैसे वेगळे असू शकतात. ट्रक खाली येऊन उभा राहिल्यावर हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

किती माणसं लागतील?

मध्यम आकाराचा टॉवर २० ते ३० किलोचा असतो, मोठा ४० ते ६०, आणि वरच्या श्रेणीतले काही १०० किलोच्या पुढे जातात. ५० किलोपर्यंत दोन धडधाकट माणसं आणि एक ट्रॉली पुरते. त्यापुढे पियानो किंवा कपाटं हलवणारी सराईत माणसं बोलवा. नुसत्या वजनापेक्षा तोल जास्त त्रास देतो. वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल भाग) खाली असला तरी चुंबकांचं वजन पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे टॉवर पुढे झुकायला बघतो.

डिलिव्हरीवाला घाईत आहे, सही मागतोय. करू का?

करा, पण खोके बघितल्यानंतर. पाच मिनिटं थांबायला सांगितलं म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी चालेल.

खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. तळाचा फोटो सगळे विसरतात, आणि आदळल्याच्या खुणा तळाच्या कोपऱ्यांवरच असतात. कोपरा चेपलेला, पुठ्ठा फाटलेला, पट्टी पुन्हा चिकटवलेली, ओल लागून पुठ्ठा मऊ पडलेला, यातलं काहीही दिसलं तर पावतीवर सहीच्या शेजारी तसं लिहा. ‘तपासणीच्या अधीन’ असं मोघम लिहून फारसं काही हाती लागत नाही. ‘खोका क्र. २, खालचा डावा कोपरा आत दबलेला’ असं लिहिलं की वाहतूक कंपनीला तुम्हाला टाळणं अवघड जातं.

खोका बाहेरून धड असला तरी आत मोडतोड असू शकते. अशा नुकसानीची तक्रार करायला मुदत असते आणि ती बहुधा काही दिवसांचीच असते. म्हणून ‘सुट्टीच्या दिवशी निवांत उघडू’ म्हणत खोके आठवडाभर भिंतीशी ठेवू नका. उघडताना सलग व्हिडिओ काढा. सुरुवात खोक्यावरच्या नंबरापासून करा आणि मध्ये कॅमेरा बंद करू नका.

माल सरळ परत पाठवावा असे प्रसंग थोडे असतात. खोका आरपार भोसकलेला असेल, किंवा हलवल्यावर आतून काचेसारखा किंवा धातूचा खळखळाट येत असेल, तर घेऊच नका.

खोक्यावरचा शॉक स्टिकर लाल झालाय. माल गेला का?

तसं नाही. वाटेत कुठंतरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा धक्का बसला, एवढंच तो सांगतो. फोटो काढा, पावतीवर नोंद करा आणि स्पीकर बारकाईने तपासा. स्टिकर पांढरा आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही.

लगेच उघडून वाजवू का?

बाहेर आणि घरात तापमान सारखंच असेल तर खुशाल. थंड ट्रकमधून किंवा गोदामातून माल उबदार, दमट खोलीत आला असेल तर बंद खोक्यातच काही तास राहू द्या, शक्य असल्यास रात्रभर. थंड धातूवर आणि लॅकरवर (चकचकीत पॉलिशवर) बाष्प धरतं. आत स्वतःचा ऍम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) असलेल्या किंवा विजेवर चालणाऱ्या स्पीकरांच्या बाबतीत ही गोष्ट जास्त गंभीर.

खोका उघडायची योग्य पद्धत कोणती?

बहुतेकांची पहिली कल्पना अशी असते की वरून पट्टी कापायची आणि स्पीकर ओढून बाहेर काढायचा. तसं करायचंच नाही. चाळीस किलोचा गुळगुळीत टॉवर वरून धरायला जागाच नसते. मग बोटं आपोआप जाळीवर किंवा वूफरच्या कडेवर जातात.

आधी खोक्यावरची चित्रं बघा. बरेच उत्पादक पद्धत तिथंच छापतात. सर्वसाधारण रीत अशी आहे. खोका हळूच आडवा करा, स्पीकरची पाठ खाली येईल असा. तळाची झाकणं उघडून पूर्ण बाहेर दुमडा आणि तळाचा थर्माकोल किंवा फोम काढून घ्या. पायाची वेगळी बैठक असेल तर ती याच वेळी बसते, पुढे अशी सोयीची संधी येत नाही. मग दोघांनी मिळून खोका उभा करा, म्हणजे स्पीकर स्वतःच्या पायावर जमिनीवर येईल. आता वरची पट्टी कापा, वरचा फोम काढा आणि पुठ्ठ्याचं नळकांडं सरळ वर उचला. स्पीकर जागचा हलत नाही, खोका निघून जातो.

कटरचं पातं अर्धा सेंटिमीटरच बाहेर ठेवा. पट्टीच्या खाली लगेच कापडी पिशवी असते आणि पिशवीच्या खाली लॅकर. घड्याळ, अंगठ्या, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. मोठ्या स्पीकरवर पडणारे ओरखडे बरेचदा पोटाच्या उंचीवर असतात, ते बक्कलामुळेच.

कापडी पिशवी आणि ट्वीटरवरचं (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागावरचं) संरक्षक झाकण लगेच काढू नका. स्पीकर जागेवर जाईपर्यंत असू द्या.

धरायचं कुठं?

तळाच्या कडेला आणि पाठीला. पुढच्या बाजूला हात नकोच. वूफरचा कोन (हलणारा पडदा) कागदाचा असो की कार्बन फायबरचा, अंगठ्याच्या दाबाने त्याचं नुकसान होऊ शकतं. ट्वीटरचा घुमट तर नखानेही चेपतो. मागचा पोर्ट (हवेचं भोक) आणि केबलची टर्मिनलं म्हणजे मुठी नव्हेत, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

खिशात स्क्रूड्रायव्हर असेल तर बाजूला ठेवा. उघड्या ड्रायव्हरजवळ (वूफर, ट्वीटर यांना ड्रायव्हर म्हणतात) लोखंडी अवजार नेलं की चुंबक ते हातातून खेचतो, आणि ते कोनमधून आरपार जाऊ शकतं.

जिन्यावरून कसं न्यायचं?

खोक्यासकट. पॅकिंग काढून ‘हलकं’ करून नेण्याचा मोह टाळा. ट्रॉलीला स्पीकरची पाठ टेकवून दोन पट्ट्यांनी आवळा, एक खाली आणि एक खांद्याच्या उंचीवर. जिन्यात खालच्या माणसावर जास्त वजन येतं, म्हणून ताकदवान माणूस खाली असू द्या. हुकूम एकानेच द्यायचा. दोघे एकदम ‘थांब’ आणि ‘चल’ म्हणाले की पुढचं विचारू नका.

सपाट जमिनीवर जाड घोंगडी किंवा चादर दुमडून स्पीकरखाली सरकवा आणि ती ओढा. स्पीकर मात्र तळाशी धरूनच सरकवायचा, वरून ढकलला तर आडवा होईल.

वरच्या मजल्यावर दीडशे किलोची जोडी ठेवली तर चालेल का?

घरातल्या जमिनी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखतात, आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट याहून जड भरू शकतं. सुस्थितीतल्या इमारतीत चिंता नको. जुन्या लाकडी तक्तपोशीवर ठेवायचं असेल तर भिंतीच्या जवळ आणि तुळईला आडवं ठेवा, आणि जाणकाराला एकदा दाखवा.

स्पाइक (स्पीकरखालचे टोकदार पाय) लावायचेच का? फरशीला भोकं पडतील की!

जागा नक्की होईपर्यंत लावू नका. स्पाइकवरचा स्पीकर सरकवता येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात तो तुम्ही रोज सरकवणार आहात.

गालिचा असेल तर स्पाइकचा उपयोग खराच आहे. ते विणीतून जाऊन खालच्या टणक जमिनीवर टेकतात आणि टॉवर डुलत नाही. लाकडी जमिनीवर किंवा फरशीवर प्रत्येक स्पाइकखाली धातूची चकती द्या, किंवा सरळ रबरी पाय वापरा. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो असं ऐकवणारे भेटतील. माझ्या मते चारही पाय सारखे टेकलेत की नाही, याला त्याहून जास्त महत्त्व आहे. वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. किंचितही डुगडुगला तर एक पाय अधांतरी आहे. तो फिरवून टेकवा आणि मग लॉकनट आवळा.

भिंतीपासून किती लांब ठेवू?

इथून पुढं पैसे लागत नाहीत, फक्त सरकवासरकव लागते. तरी लोक केबलवर पैसे घालतात आणि स्पीकर मात्र कपाट आणि पडदा यांच्यामध्ये उरलेल्या जागेत कोंबतात.

भिंत दोन गोष्टी करते. एक, खालचे सूर वाढवते, कारण ते सगळीकडे पसरतात आणि भिंतीवरून परत पुढे येतात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून हे जास्तच करतात, मग ढोलकी बडवल्यासारखा एकसुरी बेस ऐकू येतो. दोन, एक विशिष्ट सूर खाऊन टाकते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वूफरच्या तोंडापासून मागची भिंत १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज २ मीटर जास्त चालून येतो, आणि ८६ हर्ट्झच्या आसपास तो मूळ आवाजाच्या बरोबर उलटा पडतो. तिथं खड्डा तयार होतो. अंतर ६० सेंटिमीटर केलं तर खड्डा १४३ हर्ट्झला जातो. तो नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून मागची भिंत आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात.

सुरुवात कुठून करावी, याचं ऑडिओ केबल बनवणाऱ्या जॉर्ज कार्डास यांचं एक सूत्र बरंच वापरलं जातं. खोलीच्या रुंदीला ०.२७६ ने गुणा, ते बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर. ०.४४७ ने गुणा, ते मागच्या भिंतीपासूनचं. मापं वूफरच्या मध्यापर्यंत. ४ मीटर रुंदीच्या खोलीत ती १.१० आणि १.७९ मीटर येतात. ‘पावणेदोन मीटर पुढे? खोलीत आम्ही राहायचं कुठं?’ हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. सूत्र आरंभबिंदू म्हणून वापरा. तिथं एकदा ठेवून ऐका, म्हणजे भिंतीकडे सरकवताना काय काय गमावतोय ते कानाला कळेल.

बसायची जागाही तितकीच महत्त्वाची. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. पाठ मागच्या भिंतीला टेकवून बसलात तर तो सूर अंगावर येतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर गायब होतो. सोफा भिंतीपासून अर्धा-एक मीटर पुढे ओढणं हा बहुतेक घरांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे.

खोली लहान आहे, भिंतीला चिकटवावेच लागतात.

मग पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. बऱ्याच स्पीकरांसोबत तो येतो आणि खोक्यातच राहून जातो. ऍम्पमध्ये रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी सोय) असेल तर ते चालवा. वाढलेला सूर ते चांगला कापतं. पण खड्डा भरायला लावू नका, ऍम्पची ताकद वाया जाते आणि खड्डा तसाच राहतो.

मुद्दाम कोपऱ्यासाठीच बनवलेले स्पीकरही असतात. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्श यांचा १९४६चा क्लिप्शहॉर्न कोपऱ्यातल्या भिंतींनाच हॉर्नचा भाग म्हणून वापरतो. तुमचा स्पीकर असा असेल तर वरचं सगळं विसरा आणि मॅन्युअल वाचा.

दोघांमध्ये अंतर किती आणि तोंड कुठं?

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण होऊ द्या. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा, म्हणजे बहुधा ९० ते १०० सेंटिमीटर. आधी दोन्ही स्पीकर सरळ समोर तोंड करून ठेवा. एकट्या गायकाचं रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही थोडे थोडे आत वळवत जा. आवाज दोघांच्या बरोबर मध्ये घट्ट बसला की थांबा. आणखी वळवलं की बऱ्याच स्पीकरांत वरचे सूर टोचायला लागतात. दोन्हींचा कोन सारखा आहे ना, हे नजरेने नाही, टेपने तपासा.

ट्वीटर मधोमध नसून एका बाजूला असेल तर जोडी डावी-उजवी असते. मागच्या पट्टीवर खूण असते. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर ट्वीटर आतल्या बाजूला ठेवून सुरुवात करा.

केबल कोणती घेऊ?

२.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो, ४ ओहमच्या स्पीकरलाही तो नगण्य आहे. अंतर दहा मीटरच्या पुढे असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्या. जोडताना ऍम्प बंद ठेवा आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला शिवत नाही ना, बघा. ऍम्प जळायला एक केसाएवढी तार पुरते.

वरचा आवाजच येत नाही, ट्वीटर मेलाय का?

मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या लावल्यात का ते बघा. त्या सुट्या पिशवीत येतात, किंवा प्रवासात ढिल्या होतात. मग ट्वीटरकडे वीजच जात नाही. असे किती ‘मेलेले’ ट्वीटर दोन मिनिटांत जिवंत झाले असतील, देव जाणे.

आवाज पोकळ वाटतो, बेस नाही, गायक खोलीभर पसरलाय.

एका स्पीकरचं अधिक-उणे उलटं लागलंय. एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करून ऐका. बेस परत आला आणि गायक मध्ये आला की काम झालं. बॅटरी लावून कोन पुढे येतो का बघण्याची जुनी युक्ती मोठ्या स्पीकरांत फसवू शकते, कारण काही डिझाइनांत एखादा ड्रायव्हर मुद्दाम उलटा जोडलेला असतो.

प्रवासात आतून काही बिघडलंय का, कसं ओळखू?

आधी शांत खोलीत स्पीकर थोडासा कलवून कान द्या. काही घरंगळलं तर आतला क्रॉसओव्हर (सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटणारं सर्किट) किंवा एखादा मोठा कॉइल सुटलाय. मग वाजवायचं नाही, फोन करायचा.

मग कमी आवाजात २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर वाजवा. मोबाइलवर तो फुकट मिळतो. एखाद्या ठिकाणी खरखर किंवा घासल्याचा आवाज आला तर दोन शक्यता. तुमच्या खोलीतली खिडकी किंवा फोटोची फ्रेम थरथरतेय, ही जास्त वेळा खरी निघते. दुसरी, धक्क्याने चुंबक सरकलाय आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) फटीत घासतोय. खात्री करायची तर ऍम्प बंद करून कोनच्या मधल्या टोपीभोवती चार बोटं समान ठेवा आणि अगदी अलगद मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत दाबा. नीट असेल तर काहीच जाणवत नाही. घासत असेल तर बोटांना वाळू लागल्यासारखं होतं. हे फक्त मोठ्या वूफरवर करायचं, ट्वीटरवर कधीच नाही.

‘रन-इन’साठी (नवा स्पीकर मोकळा व्हायला) शंभर तास वाजवावं लागतं म्हणतात.

नव्या वूफरची लवचीक कड आणि कोनला मागून धरणारी आतली जाळी सुरुवातीला थोडी ताठ असते आणि वाजवल्यावर सैलावते, हे मोजता येतं. पण त्यातला बराचसा बदल पहिल्या काही तासांतच होतो. पुढचे तास कानाला सवय लागते. पहिल्या दिवशी बेस फारच बटबटीत वाटत असेल तर शंभर तास वाट बघण्यापेक्षा वीस सेंटिमीटर सरकवा.

पॅनल स्पीकरचं वेगळं काय?

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल, उदाहरणार्थ १९५७ साली आलेला क्वाड ईएसएल, पुढे आणि मागे सारखाच वाजतो. म्हणून भिंतीपासून एक मीटर तरी हवाच. आत उच्च दाबाची वीज असते. बंद केल्यावरही लगेच जाळी उघडू नका, आणि पॅनल वाहून नेताना नेहमी उभाच ठेवा.

बेरिलियमचा ट्वीटर फुटला तर?

मुलांना आणि जनावरांना खोलीबाहेर काढा. तुकड्यांना उघडा हात लावू नका आणि घरचा व्हॅक्यूम तर फिरवूच नका. त्याची धूळ श्वासातून आत जाणं घातक असतं. भोकावर चिकटपट्टी लावा, मॅन्युअलमधल्या सूचना वाचा आणि उत्पादकाला कळवा.

जुनी जोडी घेतोय. वाहतुकीआधी काय बघू?

वूफरच्या भोवतीची कड. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत ती कुजते आणि बोट लावताच भुगा होते. रबराची जास्त टिकते. कड गेलेला वूफर दुरुस्त होतो, पण तशाच अवस्थेत वाजवत राहिलं तर कॉइल घासून कायमचा जातो. विकणारा म्हणाला ‘काल वाजवून बघितलंय’, तरी जाळी काढून डोळ्यांनी बघा. गाडीतून नेताना पाठीवर आडवे ठेवा, ड्रायव्हर आकाशाकडे. स्पाइक आधी काढा आणि ट्वीटरवर पुठ्ठ्याची वाटी ठेवून कागदी पट्टीने कॅबिनेटला चिकटवा. रंगकामवाल्यांची फिकी पट्टी वापरा, पॅकिंगची तपकिरी नको, ती विनिअर उपटून काढते.

खोके ठेवू की टाकू?

ठेवा. सगळे पुठ्ठे चपटे करा, फोमच्या तुकड्यांवर ‘वर-डावा’, ‘खाली-उजवा’ लिहून मोठ्या पिशवीत भरा. दुरुस्तीला पाठवताना मूळ पॅकिंग नसेल तर बरीच मंडळी वाहतुकीतल्या नुकसानीची भरपाई नाकारतात. जागा अगदीच नसेल तर निदान फोम ठेवा. पुठ्ठा कुठंही मिळतो, त्या मापाचा फोम मिळत नाही.

ग्रिल (पुढची जाळी) लावून ऐकू की काढून?

घरात मांजर किंवा दोन वर्षांचं मूल असेल तर लावून. नसेल तर काढून ऐका, मग लावून ऐका, आणि फरक कळला नाही तर लावूनच ठेवा.